हंबीररावाच्या दोन होड्या

खरं सांगू? त्या दिवशी मी होडी बघायला गेलतेच न्हाय. मी मोडता घालायला गेलते. हंबीररावाच्या दोन्ही होड्यांत खोट काढायची आन् पोराला, उमरला, रिकाम्या हातानं मुरगूडला परत न्यायचं, एवढंच डोक्यात. ह्याच धरणाच्या पाण्यानं दोन वर्सांमागं माझा नवरा नेला. होडी त्याच दिवशी काठाला लागली, माणूस तिसऱ्या दिवशी. आन् आता पोरगं म्हणतंय, अब्बाचाच धंदा करणार. कर की! आधी आईला पुरून ये, मग कर!

हंबीरराव मासेमारी सोडून लेकाकडं वारणानगरला चाललेला. म्हणाला, "भाबी, दोन्हीतली कुठलीबी न्या." एक निळी, फायबरची, हलकी. इंजिन एका झटक्यात चालू. दुसरी जुनी, जड, रंग उडालेली. तिचं इंजिन पाच येळा ओढलं तवा खोकत खोकत जागं झालं. उमरचा जीव निळीवर जडलेला, तोंडावरच दिसत होतं.

निळीच्या इंजिनाला तांबडी दोरी गुंडाळलेली होती. "ही कसली?" मी विचारलं.

"तिचं एक टोक इंजिनात, दुसरं मनगटात अडकवायचं असतं," हंबीरराव म्हणाला. "माणूस पाण्यात पडला की हिसक्यानं निघती आन् इंजिन बंद पडतं. पर जाळं वढायला उठलं तरी निघती की! कोण डोक्याला ताप करून घेतंय? समदेच अशी गुंडाळून ठेवत्यात."

"आन् जुनीची?"

"ती मोकळी हाय. तिच्यावर माझा म्हातारा असायचा, त्यो दोरीबिगर हालायचा न्हाय."

उमर कुठला ऐकतोय! "अम्मी, निळीतनं एक चक्कर मारून बघतो," म्हणाला. म्हटलं, मीबी येणार. नवरा गेल्यापासनं पाण्यात पाय घातला नव्हता मी.

मधी गेल्यावर ह्याला हुक्की आली. "जाळं वढताना डुलती काय बघू," म्हणत एका हातानं इंजिनाचा दांडा धरून उठला, कडेला वाकला, आन् गेला की पाण्यात!

या अल्ला! होडीत मी एकटी. दांडा मोकळा सुटला, इंजिन आपोआप वळलं आन् होडी गरागरा गोल फिराय लागली. गोल फिरून परत त्याच्याच अंगावर. खाली पंखा फिरतोय. पहिल्या येळी हातभर अंतरानं वाचला.

"अम्मी, दोरी वढ! दोरी!"

वढू कशी? तीन येढं मारून गाठ ठोकलेली. माझं नख तुटलं, रगात आलं, गाठ काय सुटंना. होडी पुन्हा वळली. समोर त्याचं डोस्कं. मी वरडले, त्यानं बुडी मारली, आन् होडी त्याच्यावरनं गेली. दोन्ही पाय इंजिनाला लावून मी असा हिसका दिला की दोरी हातात आली. इंजिन बंद पडलं.

पाण्यावर कायबी न्हाय. मग पलीकडं डोकं वर आलं, खोकत.

होडीत चढून वल्हं मारत त्यानं काठ गाठला. हंबीरराव पांढराफटक पडलेला. "मुडदा बशिवला तुझ्या निळीचा!" मी म्हटलं. अजून लई बोलले, ते सांगण्यासारखं न्हाय.

उमर चिखलातच बसला. म्हणाला, "अम्मी, तू सांगशील तसं. न्हाय म्हणालीस तर हितंच सोडतो. पुन्हा नाव काढणार न्हाय."

दोन वर्सं मी ह्याच शब्दांची वाट बघत होते. 'न्हाय' अगदी जिभेच्या टोकावर होतं. त्याचा हात हातात घेतला, तर त्यो थरथर कापत होता, थांबता थांबंना. त्याच्या बापाचा हात असा कधी कापलेला मी बघितला न्हाय. वारं सुटलं, काठावरची माणसं नको म्हणाली, तरी त्यो हसत निघायचा. पाणी माझ्या वळखीचं हाय, म्हणायचा.

"हंबीरराव," मी म्हटलं, "जुनीचं इंजिन पुन्हा चालू करून दावा."

उमर बघतच राहिला. "अम्मी?"

"आज भ्यालास न्हवं?"

"लई."

"मग घे ती," मी म्हटलं. "तुझा बाप कधीच भ्याला न्हाय."