सतरा नंबरचा पाना

“आलेच का जी तुमी पुन्हा?” देवमन मिस्त्रीने ट्रॅक्टरखालूनच विचारलं. बाहेर कोण आलंय हे बघायची त्याला गरज नव्हती. पिकअप उभ्या जागी थरथरत होती. आवाज चढे, मग मरगळे, आता बंदच पडते की काय असं वाटे, आणि पुन्हा धडपडून चढे. महिन्याभरातली ही चौथी खेप होती.

“आलो बाबा,” रविकांत म्हणाला. “चालताना काही नाही. उभी केली की हेलकावे खाते.”

हे सांगताना त्याने चेहरा होईल तेवढा चिंतेचा केला. चौसष्ट वर्षांच्या माणसाला शोभणारं नाटक नव्हतं ते, पण सवयीने बरंच जमू लागलं होतं. कारण गाडी हेलकावे का खाते, हे अख्ख्या बार्शीटाकळीत एकट्या रविकांतलाच ठाऊक होतं. सकाळी सहाला अंगणात उभं राहून, सतरा नंबरच्या पान्याने त्यानेच डिझेलच्या पाइपचा जोड पाव फेरा ढिला केला होता. तिथून डिझेल थेंबभरही गळत नाही. फक्त हवा आत ओढली जाते, आणि हवा खाल्लेलं इंजिन उभ्या जागी धड राहत नाही. ही विद्या त्याला देवमननेच शिकवली होती, तीही किती हौसेने!

पहिल्या खेपेला बिघाड खरा होता. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून निवृत्त झाल्यावर रविकांतने ही जुनी पिकअप घेतली होती. संत्र्याची, लिंबाची कलमं गावोगाव पोचवायची, बाजूच्या सीटवर बायको गोदावरी बसायची आणि वाटभर रस्त्याला नावं ठेवायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगी चारुता पुण्याला. तिचा फोन रविवारी यायचा, औषध घेतलं का, एवढं विचारून संपायचा. बाकीचे सहा दिवस घरात बोलायला कुणी नव्हतं. गिरणीवर चार जण भेटतात म्हणून हा माणूस एकेक किलोचं दळण न्यायचा. गिरणीवालासुद्धा हसायला लागला, तेव्हा तेही सुटलं.

त्या पहिल्या दिवशी देवमनने त्याला बाकावर बसवून सगळं दाखवलं. इंजिन चालू ठेवून एकेका नळीचा नट ढिला केला. “पायजा, याले बंद केलं की गाडी अजून लंगडते. म्हंजे हा सिलिंडर काम करून राहिला. चारीदा लंगडली तं चारी चांगले. मंग रोग मांगं हाय, डिझेलच्या लाइनीत.” दुपारी त्याची बायको साधना डबा घेऊन आली. तिने रविकांतकडे बघून विचारलं, “जेवले का जी तुमी?” आणि उत्तराची वाट न बघता भाकर आणि ठेचा त्याच्यापुढे ठेवला. जेवलात का, हे त्याला दोन वर्षांत समोर बसून कुणी विचारलं नव्हतं.

आठ दिवसांनी तो अंगणात पाना घेऊन उभा होता. दुसरं काही कारण सुचेना. नुसतं जाऊन बसायला त्याला लाज वाटत होती; कामाच्या माणसाकडे रिकामं जाऊन बसू नये, अशा घरात तो वाढला होता.

आज देवमनने पुन्हा तेच सगळं केलं. चारही नट ढिले केले, परत कसले. मग फिल्टरमागच्या जोडावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

“हाच,” तो म्हणाला. “हाच पुन्हा ढिला झाला.”

“जोडातला वायसर खराब असन,” रविकांत घाईने म्हणाला.

“वायसर नवा टाकला. मांगच्या खेपेले पाइपच बदलला.” देवमनने आपला उजवा पंजा उघडला, मिटला. “वायसर नाही जी. माया हातच गेला. मी कसलेला जोड आठ दिवस टिकून नाही राहिला.”

रविकांत काही बोलणार तेवढ्यात गल्लीतला अनुप मोटरसायकलवरून आला. त्याच्या मालवाहू गाडीचं काम देवमनकडे ठरलं होतं. त्याने थरथरत्या पिकअपकडे पाहिलं आणि गाडीवरून न उतरताच म्हणाला, “मिस्त्री, माई गाडी राहू द्या. मी अकोल्याले दाखवतो.” मग रविकांतला म्हणाला, “काका, तुमीबी तिकडंच दाखवा. कितीदा येनार इथं?”

तो गेला. देवमन रागावला असता तर बरं झालं असतं. तो फडक्याने हात पुसत राहिला.

“खरं हाय त्याचं,” तो म्हणाला. “पोरगा म्हणूनच राहिला का बाबा, दुकान बंद करा. पुढच्या महिन्यात करतो बंद. कोनाची बिरेक अशी ढिली राहिली तं जीव जाइन न माणसाचा.”

आता सांगितलं तर हा बाक गेला, साधनाची भाकर गेली, सगळंच गेलं. न सांगितलं तर या माणसाचं बत्तीस वर्षांचं दुकान जाणार होतं, आणि तेही आपल्यासारख्या चोरामुळे. तो बाकावरून उठला.

“मी करतो ते,” तो म्हणाला.

“काय?”

“तो जोड. मीच ढिला करतो. घरून. तुमचा हात चांगला हाय.”

देवमनला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्याने इंजिन बंद केलं.

“काहून?”

रविकांतने सांगायचा प्रयत्न केला. घरी कोणी नसतं, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“सकायी उठलो का आधी हात पायतो मी,” देवमन म्हणाला. आवाज चढवला नव्हता. “लेकाले फोन करून सांगतलं का मले आता जमत नाही. साधनासमोर रडलो, रविभाऊ. नुसते आले असते तं मी काय हाकलून देल्लं असतं तुमाले?”

देवमनने पाना घेतला, जोड कसला, लाइनीतली हवा काढली. साधना डबा घेऊन येताना दिसली तेव्हा रविकांतच गाडीत चढला. तिच्यासमोर उभं राहायची त्याची हिंमत नव्हती.

चौकातल्या चहाच्या टपरीवर अनुप होता. रविकांतने गाडी थांबवली आणि दहा-बारा जणांसमोर सगळं सांगितलं: जोड, पाना, सकाळचे सहा. “मिस्त्रीची काही चूक नाही,” असं तो दोनदा म्हणाला. हशा पिकला. “काका, असं कोनी करते काय?” कुणीतरी म्हणालं. एकटा अनुप हसला नाही. त्याने मोटरसायकल देवमनच्या दुकानाच्या दिशेने वळवली.

रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. गाडी उभी राहिली. इंजिन एका लयीत चालत होतं, एकही हेलकावा नाही. बाजूच्या रिकाम्या सीटवर ऊन पडलं होतं. पेरू विकणारी एक बाई टोपली घेऊन खिडकीशी आली. बघण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे तिने गाडीच पाहिली.

“जुनी हाय, पण मस्त चालते जी गाडी तुमची,” ती म्हणाली.

“मिस्त्री चांगला हाय,” रविकांत म्हणाला. “देवमन गवई. चौकाच्या अलीकडं, निंबाच्या झाडाखाली दुकान हाय त्याचं. कोनाले गरज लागली तं सांगजा.”

बाईने मान हलवली आणि ती मागच्या गाडीकडे गेली.