जेवायला बोलवायचा आवाज

गेल्या साली लेकीच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये भैयालाल भलत्या ठिकाणी हसला. नाटकात त्याची पोरगी टीना स्टेजवर मरून पडलेली, सगळा हॉल चिडीचूप, आणि हा एकटा खदाखदा. झालं असं, की शेजारचा एक जण मोबाइलमध्ये बघून हसत होता. भैयालालला वाटलं विनोद झाला, आपण कशाला मागे राहायचं.

रोलिंग मिलच्या दणदणाटात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कानात घालायला बोळे मिळायचे, ते त्याने इमानेइतबारे खिशात जपून ठेवले. कान कधीचेच रुसले होते. पण कबूल करेल तो भैयालाल कसला! लोक हसले की हसायचं, टाळ्या पडल्या की टाळ्या वाजवायच्या. गाडी चालून जायची.

या वर्षी टीनाला हिंदी नाटकात मेन रोल मिळाला, म्हातारीचा. जेवताना तिने हळूच विषय काढला, "बाबा, या वेळेस नाही आले तरी चालते. टेन्शन नका घेऊ."

"कावून? मले सगळं आयकू येते!"

"काय आयकू येते जी तुमाले?" त्याची बायको सिंधू पोळी वाढता वाढता म्हणाली. "काल कुकर जळून गेला, अन् तुमी बाजूले बसून पेपर वाचून राहिले होते."

रुआबांध्यात, त्यांच्या वस्तीत, जो तो भैयालालला थांबवून सांगायचा, "तुमची टीना काय बोलते स्टेजवर!" तो छाती फुगवून मान डोलवायचा. पण ती काय बोलते, हे एका बापालाच ठाऊक नव्हतं. एकदा, फक्त एकदा ते ऐकायचं होतं त्याला.

म्हणून तो गेलाच. इस्त्रीचा शर्ट घालून, पुढून तिसऱ्या रांगेत. सिंधूने जागेवर बसताच बेत सांगून टाकला, अर्थात त्याच्या कानाशी तोंड नेऊन. "मी कोपर मारलं की हसा. रडाचं असन तर चिमटा घेईन."

पडदा उघडला. कर्ण्यांतून जो आवाज यायला लागला तो नुसता घों घों, जशी मिलच सुरू झाली. टीना आली, पाठीला बाक, केसांना पावडर, हातात काठी. भैयालालचे डोळे भरले. तिचे ओठ हलत होते, पण शब्द काही हाती लागेना. सरांनी पोरांना शिकवलं होतं, माइक आहे, हळू बोला. कोपर बसलं, तो हसला. पुन्हा बसलं, पुन्हा हसला. बरगडी दुखायला लागली, पण कशाला हसतो आहोत ते काही कळेना.

नाटकातल्या गावचा तलाव बुजवायला ठेकेदार आला, म्हणजे टीनाच्याच वर्गातला शुभम, आणि माइक बंद पडले. शुभमचं तोंड नुसतंच उघडझाप करू लागलं. मागून शिट्ट्या, "आवाज! आवाज!" पोरं एकमेकांकडे पाहत उभी.

टीनाने तोंड सरळ लोकांकडे वळवलं, पोटातून श्वास घेतला, आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. घरात ती बाबांना जेवायला बोलवायची तो आवाज! बोलायला लागल्यापासूनचा. बाजारात मात्र लोक वळून बघतात म्हणून ती तो आवाज काढायची नाही. बापाशी हातवारे करून बोलायची.

"ठेकेदार! तालाब पाट दोगे, तो आसमान अपना मुँह कहाँ देखेगा?"

शब्द न् शब्द आला. आसमान आलं, मुँह आलं. सिंधूचं कोपर पुन्हा उठलं, ते भैयालालने हवेतच धरलं.

"मारू नको वं," तो कुजबुजला, "मले आयकू येऊन राहिलं!"

भैयालालची कुजबुज म्हणजे मिलवाल्याची कुजबुज. शेवटच्या रांगेपर्यंत गेली. हॉलमध्ये हशा पिकला. सिंधूने कपाळाला हात लावला. भैयालालने जीभ चावली. गेलं, पोरीचं नाटक आपणच बुडवलं.

टीनाने काठी आपटली आणि ती थेट बापाकडे रोखली.

"सुना, ठेकेदार? उस बुजुर्ग को भी सुनाई दे रहा है. बहरा तो तू है!"

हॉल उसळला. शिट्ट्या, टाळ्या, बाकांवर थापा. शुभमला बिचाऱ्याला पुढचं वाक्य आठवेना. भैयालाल मात्र कोपराची वाट न बघता सगळ्यांच्या आधी हसला, आणि हसता हसता बाहीने डोळे पुसले. माइक परत आलेच नाहीत. ते परत येऊ नयेत म्हणून या माणसाने मनातल्या मनात देवाला दोन नारळ कबूल केले.

नाटक संपल्यावर पार्किंगमध्ये टीना पावडरीच्या केसांनीच धावत आली. सोबत मैत्रीण हर्षा. हर्षाने हात जोडून हसत काहीतरी विचारलं, अगदी हळू. भैयालालने मान डोलवायला घेतली आणि मध्येच थांबवली.

"बाई, मले कमी आयकू येते," तो म्हणाला. "जरा जोरानं सांग."

सिंधू त्याच्याकडे बघतच राहिली. हर्षा बावरली. टीनाने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. गाड्या काढणारी सगळी माणसं वळून बघतील अशा आवाजात ती ओरडली, "बाबा, ती म्हणते, तिले भूक लागली! घरी जेवाले येऊ का विचारते!"

"मंग विचारते कायले?" भैयालाल तिच्याहून जोरात ओरडला. "चाल ना! त्या ठेकेदारालेबी घे!"