अरुंद पत्र्यावरची अक्षरं

सासरेबुवांची नजर घारीची, असं घरात सगळेच म्हणत. आणि सगळ्यात मोठ्याने ते स्वतः म्हणत. चाळीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही. त्यामुळे सूनबाईला रस्त्यावरच्या पाट्यांसाठी नवी अक्षरं काढायचं काम मिळालं, तेव्हा ती लांबून वाचून बघायला बाहेरचा माणूस शोधावाच लागला नाही.

दर रविवारी ती घरातल्या लांबलचक बोळाच्या टोकाला बारा पट्ट्या एकेक करून टांगायची. बावीस पावलांवर उभे राहून सासरे घडाघडा वाचायचे. बारा गावांची नावं. वर्षभर तीच नावं, त्याच क्रमाने. कारण नावं बदलली तर फरक अक्षरांमुळे पडला की नावांमुळे, हे कळणार कसं? काम असं चोख हवं, असं तिचं म्हणणं. या चोखपणाचा तिला भारी अभिमान.

रस्तेखात्याच्या साहेबांचं मात्र दर महिन्याला एकच टुमणं. "पत्रा अरुंद आहे हो. अक्षरं अजून जरा आवळा." अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा कमी करणं तिच्या जिवावर यायचं. पण रविवारी सासरे पुन्हा न अडखळता वाचायचे आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. मग ती आणखी आवळायची. गेल्या आठवड्यात धरणाच्या रस्त्यावर पाट्या लागल्यासुद्धा.

आजचा तपास उगीच आपला मनाच्या समाधानासाठी होता. ती पट्ट्या टांगत होती, "पुढची" म्हणत होती, वहीत खुणा करत होती. बाराच्या बारा बरोबर.

"झालं का, सूनबाई? ठमीला पोहायला न्यायचंय," सासरे म्हणाले.

"झालं, बाबा. तुमच्या डोळ्यांना तोड नाही."

"अगं, उगीच का चाळीस वर्षं काढली!" म्हणत त्यांनी भिंत चाचपून खुंटीवरची किल्ली घेतली. नऊ वर्षांची नात उड्या मारत त्यांच्यामागे गेली.

गाडी गेल्यावर ती पट्ट्या गोळा करू लागली. सातवी हातात आली. त्यावर गावाचं नाव नव्हतंच. अक्षरांमधलं अंतर बघायला तिने नुसती अक्षरं ओळीने मांडली होती, अर्थबिर्थ काही नाही. घाईत तीच टांगली गेली होती. आणि सासऱ्यांनी सातव्या गावाचं नाव खणखणीत आवाजात वाचलं होतं.

म्हातारा वाचत नव्हता, पाठ म्हणत होता. किती महिने, देव जाणे. डोळे गेले म्हटलं की गाडीची किल्ली काढून घेणार, एवढ्यासाठी हे सगळं नाटक. तिला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. ती अक्षरं लांबून कुणीच वाचून बघितली नव्हती. आणि पोहायला जायची वाट धरणावरून होती. तिथे जुना पूल पाडला होता, नवा रस्ता उजवीकडे वळवला होता, आणि ते सांगायला तिच्या अक्षरांतली एकच पाटी होती, पाडलेल्या पुलाच्या तोंडाशी.

तिने फोन लावला. ठमीने उचलला.

"ठमे, आजोबांना गाडी थांबवायला सांग. आत्ताच्या आत्ता!"

"का गं? घाबरू नकोस, पाट्या मीच वाचून सांगते त्यांना. आमचं गुपित आहे. आजोबांना लांबचं दिसत नाही ना."

"समोर पाटी आहे का?"

"आहे की. मोठी, पिवळी."

"काय लिहिलंय तिच्यावर?"

फोनमध्ये इंजिनाची घरघर तेवढी येत होती.

"आई, नुसत्या रेघाच दिसतायत. थांब, जवळ गेलो की वाचते."