आलंच, दहा मिनिटं

माझा नवरा फक्त डोंगरावर खोटं बोलतो. एकतीस वर्षं त्याने गुर्ये ते ग्वांगजू बस चालवली आणि इतक्या वर्षांत आपल्या गाडीला चार मिनिटांपेक्षा जास्त उशीर कधी झाला नाही, हे तो अजूनही लोकांना थांबवून थांबवून सांगतो. पण पाठीवर सॅक आली, डोक्यावर ती लाल टोपी चढली आणि समोरून कुणी धापा टाकत वर येताना दिसलं, की छांगबेसाहेबांचं घड्याळ बंद पडतं. "अजून किती आहे हो?" असं कुणी विचारायचा अवकाश. "आलंच! दहा मिनिटं."

तसं आमच्या जिरीसान डोंगरावर सगळेच हे म्हणतात. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला 'आलंच' म्हणायचं, ही रीत आहे. जो खरं सांगेल, 'अजून दोन तास आहेत' म्हणेल, तो आजाऱ्याला 'किती खंगलात हो' म्हणणाऱ्यातला. चढणाऱ्यालाही ठाऊक असतं की हे खोटं आहे. तो हसतो, उतरणारा हसतो, कुणी काकडीची फोड पुढे करतं, आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. मी त्याच्यामागे अठरा वर्षं हे डोंगर चढते आहे. या खोट्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. उलट नव्या बायकांना मीच चिडवायचे, "कप्तानाची दहा मिनिटं म्हणजे एक जेवण आणि एक झोप हं."

कप्तान म्हणजे हाच. निवृत्त बस ड्रायव्हरांचं आमचं एक मंडळ आहे, दर शनिवारी कुठल्यातरी वाटेने चढायचं, उतरल्यावर खाली बसून तांदळाची माक्कल्ली दारू प्यायची आणि गुडघ्यांच्या तक्रारी करायच्या. मंडळाला कप्तान हवा, आणि ज्याने आयुष्यभर पन्नास माणसं मागे बसवून नेली त्याला दुसऱ्याच्या मागे चालणं जमत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही हानसोल खोऱ्यातून वर गेलो होतो. उतरताना माझा उजवा गुडघा बोलायला लागला, म्हणून बाकीचे पुढे गेले आणि आम्ही दोघंच मागे राहिलो. राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी त्या वाटेवर दर अर्ध्या किलोमीटरला नंबराचे खांब रोवले आहेत. अकरा नंबरच्या खांबापाशी ती बाई बसलेली होती. साठीची असेल. अंगात मुलीचं वाटावं असं जांभळं जाकीट, पायात बाजारात जायचे बूट, आणि काठीच्या जागी मिटलेली छत्री. मांडीवर देवाला वाहायच्या तांदळाची पिशवी. वोलगामच्या मठात रात्रभर राहून मुलीच्या परीक्षेसाठी प्रार्थना करायची होती तिला. मुलगी सरकारी नोकरीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसत होती. एवढं सगळं तिने आम्ही न विचारताच सांगितलं, दमलेली माणसं सांगतात तसं.

मग तिने विचारलं, "मठ किती लांब राहिला हो? लांब असेल तर मी इथूनच फिरते. चार वाजून गेलेत."

"आलंच की ताई," छांगबे म्हणाला. "दहा मिनिटं. फार तर पंधरा."

"पण खांबावर अडीच किलोमीटर लिहिलंय."

"खांबाला काय कळतंय? ते नकाशातलं अंतर. पायातलं अंतर वेगळं असतं. इथवर येऊन कुणी माघारी जातं का? बुद्ध वर वाट बघतोय, मुलगी खाली वाट बघतेय."

ती हसली. त्याने तिला काकडीची फोड दिली. ती उठली, छत्री टेकत पहिल्या पायऱ्या चढली, आणि आम्ही उतरलो. खाली खाणावळीत मंडळी बसलीच होती. रानातल्या ओकच्या फळांचं पीठ शिजवून आम्ही वड्या पाडतो, त्यांची थाळी समोर आली आणि मी ती सगळी खाल्ली. त्या बाईची आठवण मला एकदाही आली नाही.

अकरा नंबरपासून मठापर्यंत माझ्यासारख्या सवयीच्या बाईला दीड तास लागतो. तिच्या बुटांना अडीच लागले असते. साडेपाचला त्या खोऱ्यात अंधार पडतो, आणि त्या दिवशी अंधारापाठोपाठ पाऊस आला. चौदा नंबरच्या अलीकडे लोखंडी जिन्यावर तिचा पाय मुरगळला. तिथे फोन लागत नाही. सकाळी मठातले लोक झाडायला उतरले तेव्हा ती कातळाला टेकून बसलेली सापडली, गारठून जीव गेलेली. छत्री उघडी होती. छत्रीखाली तांदळाची पिशवी होती, कोरडी. ती स्वतः बाहेर होती. हे मला त्या खालच्या खाणावळवाल्या बाईने फोनवर सांगितलं, आणि मी फोन ठेवून छांगबेला सांगितलं. तो नखं कापत होता. त्याने उरलेली सगळी नखं कापली, कागद गुंडाळून टाकला, आणि म्हणाला, "बाजारातले बूट घालून डोंगरावर येतात का कुणी?"

पुढच्या शनिवारी खोऱ्याच्या तोंडाशी दोन पाइनच्या मध्ये कापडी फलक बांधलेला दिसला. आमच्याकडे अपघात झाला की चौकात असे फलक लागतात, साक्षीदार हवे आहेत म्हणून. या फलकावर तारीख होती, 'दुपारी चारच्या सुमारास, अकरा नंबरच्या खांबापाशी, लाल टोपीतले गृहस्थ आणि त्यांची पत्नी', आणि खाली, 'तक्रार करायची नाही. फक्त भेटायचं आहे.' त्याखाली मुलीचा फोन नंबर.

मंडळी वाचत उभी राहिली. दोघातिघांनी त्याच्या टोपीकडे पाहिलं. छांगबेने टोपी काढून घाम पुसल्यासारखं केलं आणि ती परत घातली नाही.

"आपण नव्हे," तो म्हणाला. "शेकडो लोक उतरतात त्या वाटेनं. लाल टोप्या काय कमी आहेत?"

मग डोकं दुखतंय म्हणून तो घरी परतला. चोराच्या मनात चांदणं! टोपी कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर गेली, माझा हात पोचत नाही तिथे.

त्यानंतरचे तीन आठवडे मी त्याला सुखाने घास गिळू दिला नाही, हे मी कबूल करते. त्याने विचारावं, "भात झाला का?" मी म्हणावं, "आलंच, दहा मिनिटं." त्याने बूट घालावेत, मी म्हणावं, "फोन करायला निघालात?" तो बूट परत काढून ठेवायचा. मला त्याची किळस यायला लागली होती. माणूस चुकतो, ते मला कळतं. पण त्या पोरीने एवढं कापड रंगवून टांगलंय, तक्रार नको म्हणतेय, आणि हा बाप्या अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडतो! बसचं स्टिअरिंग एवढी वर्षं धरलं, एक फोन धरवत नाही?

एकदाच बोलला तो. ताटावरून न उठता, मान खाली घालून.

"सेउनची आई, मी पहिल्यांदा चढलो तेव्हा अर्ध्यावर रडकुंडीला आलो होतो. एक म्हातारा उतरत होता. आलंच म्हणाला. तेवढ्यावर मी टोकाला पोचलो. तो खरं बोलला असता तर मी परत कधी डोंगर बघितला नसता."

"तुम्ही चाळिशीचे होतात," मी म्हटलं, "आणि सकाळचे आठ वाजले होते. ती बाई काय म्हणाली होती? लांब असेल तर फिरते, म्हणाली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"मग काय करू?"

"तुम्ही काही करू नका. मी जाते. मी सांगते त्या पोरीला."

"सांग," तो म्हणाला. "माझं नाव सांग."

खाणावळवाली म्हणाली होती, पोरगी दर मंगळवारी फलक बघायला येते. मी मंगळवारी निघाले. बसमध्ये मी मनात वाक्यं जुळवत होते. 'बाळ, ते माझे यजमान. भित्रे आहेत, दुष्ट नाहीत.' खोटं कशाला बोलू, ती वाक्यं जुळवताना मला बरं वाटत होतं. आपल्या घरात निदान एक तरी माणूस खरं बोलणारं आहे, असं वाटत होतं.

पोरगी पाइनखाली होती. वाऱ्याने फलकाची एक बाजू सुटून चिखलात लोळत होती आणि पोरगी रुमालाने तिचा चिखल पुसत होती. अंगात तेच जांभळं जाकीट. एवढं एक मी विसरले होते, की ते तिचंच असणार.

"मावशी, जरा हे टोक धराल का?" तिने मलाच हाक मारली. "एकटीला नाही जमत."

मी टोक धरलं. तिचं नाव युनसल. ग्वांगजूला एका खोलीत राहून अभ्यास करते. परीक्षेचं मी विचारलं नाही, तीच म्हणाली, "बसलेच नाही यंदा."

"तुम्ही नेहमी येता या वाटेनं?"

"अधूनमधून," मी म्हटलं. आणि मग सुरुवात करायची म्हणून विचारलं, "भेटले ते तर काय विचारणार आहेस त्यांना?"

तिने दोरी दाताखाली धरली होती. ती काढून म्हणाली, "त्या काकांना काही नाही. काकांवर आईनं विश्वास ठेवलाच नव्हता."

"म्हणजे?"

"ते दोघं उतरून गेल्यावर तिनं मला फोन केला होता, खांबाजवळूनच. मी म्हटलं, आई, फिर मागं, डोंगरावर पुरुष सगळ्यांनाच असं सांगतात. ती म्हणाली, अगं मलाही तेच वाटलं. म्हणून मी त्यांच्या बायकोकडं बघितलं. खरंच का, असं विचारलं डोळ्यांनी. बायका बायकांशी खोटं बोलत नाहीत. आणि तिनं मान डोलावली. मग मी म्हटलं, बरं, मग जा."

हे मी आधी सांगितलं नाही. सांगायचं टाळलं असंही नाही. मला ते आठवतच नव्हतं, आणि तिने सांगितल्याबरोबर सगळं आठवलं. तो काकडीची फोड कापत होता. त्या बाईने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं होतं. माझा गुडघा ठणकत होता, खाली जाऊन बसायची घाई होती. नवऱ्याचं बोलणं परक्यापुढे खोडायचं, मग त्याने वाटभर तोंड फुगवायचं, कोण ते ऐकून घेणार? मी मान डोलावली. चांगली दोनदा.

"मावशी, सैल पडतंय. ओढा जरा."

मी ओढलं.

"मला त्या बाईंनाच भेटायचंय," युनसल म्हणाली. "भांडायचं नाही. फक्त विचारायचंय, त्यांना खरंच जवळ वाटलं होतं का. वाटलं असेल तर ठीक आहे. चुकतं माणसाचं." मग ती थांबली. "त्यांना तुम्ही ओळखता का? तुमच्याच वयाच्या असतील."

मी मान हलवली. या खेपेला आडवी.

गाठ मीच मारली. तिला दोरीची गाठ धड येत नव्हती. माझी गाठ सुटत नाही. निघताना तिने पिशवीतून दोन संत्री काढून माझ्या हातात कोंबली आणि वाकून नमस्कार केला. परतीच्या बसमध्ये ती दोन्ही संत्री माझ्या मांडीवर होती. मी ती खाल्ली नाहीत आणि फेकलीही नाहीत.

घरी आले तर छांगबे दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. समोर लाल टोपी. स्टुलावर चढून काढली असणार.

"सांगितलंस?"

"नाही. भेटली नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. "तू सांगणं बरोबर नव्हतं. मीच जातो. तुझ्या बोलण्यात खोट नव्हती. मी उद्या सकाळीच फोन करतो तिला, टोपी घालून समोर उभा राहतो, म्हणावं काय बोलायचं ते बोल. तीन आठवडे मेल्यागत झालंय मला." त्याचा चेहरा इतक्या दिवसांनी उघडा दिसत होता. चांगला दिसत होता माझा नवरा.

तो गेला असता तर तिने त्याला एकच गोष्ट विचारली असती. तुमच्या पत्नी कुठे आहेत?

मी संत्री ओट्यावर ठेवली. "कशाला?" मी म्हटलं. "गेलेलं माणूस परत येणार आहे का? आणि आपणच कशावरून? शेकडो लोक उतरतात त्या वाटेनं."

तो माझ्याकडे बघत राहिला. हे त्याचंच वाक्य होतं, आणि तीन आठवडे मी त्याच वाक्यावरून त्याला सोललं होतं.

"तूच म्हणत होतीस ना..."

"रागात म्हणत होते. लाल टोप्या काय कमी आहेत?"

त्याने टोपी उचलली, दोन्ही हातांनी फिरवली. मग त्याने वर पाहिलं, माझ्या तोंडाकडे, अगदी त्या बाईसारखं. थकलेलं माणूस बघतं तसं, सांगाल ते ऐकायला तयार.

"खरंच असं वाटतं तुला?"

मी मान डोलावली.