हात आडवा, तळवा खाली

रिस्ट्रेन. इंग्रजी. क्रियापद.
अर्थ १: बांधून ठेवणे.

सिस्टरच्या हातात दोन मऊ पट्टे होते. "ताई, रिस्ट्रेन करावं लागेल. मघाशी नळी ओढलीच होती त्यांनी. निघाली तर श्वास जाईल. तुमचा होकार हवा."

बाबांच्या तोंडात नळी, नळीमागे यंत्र. डोळे उघडे, पण ओळख नाही. दोन्ही हात हवेत, काहीतरी चाचपत.

मी शब्दकोशाच्या कचेरीत काम करते. नेमका हाच शब्द सध्या माझ्या टेबलावर आहे. 'बांधून ठेवणे' हा अर्थ मी चहा पिता पिता पहिला म्हणून लिहून टाकला होता.

"नका ना बांधू."

"मग तुम्ही धरून बसा."

बसले. बाबांनी मला झटकून टाकलं.

अर्थ २: रोखणे. उदाहरण: मुलीने बापाला रोखले. (खोडावे.)

आई आली. पिशवी खुर्चीवर ठेवली, पट्ट्यांकडे पाहिलं, मग बाबांच्या हातांकडे. पाहतच राहिली.

"अगं, हे नळी कुठं ओढतायत? क्रेन चालवतायत!"

बाबांचं आयुष्य उंच क्रेनच्या केबिनमध्ये गेलं. आई खाली जमिनीवर, त्यांना इशारे द्यायची. लग्नही तिथंच जुळलं. मी नीट पाहिलं. उजवी मूठ न दिसणारा दांडा ओढत होती, डावी दुसरा ढकलत होती. नळी फक्त वाटेत येत होती.

"ओझं वर लटकलंय," आई म्हणाली. "अशा वेळी कोण हात बांधून घेईल?"

"काकू, त्यांना आत्ता काही कळत नाही हो," सिस्टर म्हणाली.

आई पलंगाच्या पायथ्याशी गेली, बाबांच्या नजरेसमोर. हात आडवा केला. तळवा खाली.

बाबांचे हात थांबले.

जिथल्या तिथे, हवेत. बोटसुद्धा हललं नाही. यंत्राचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग आईनं बोट जमिनीकडे करून लहान लहान गोल काढले. हात खाली येऊ लागले. सावकाश, अगदी सावकाश, खाली माणसं उभी असावीत तसे. चादरीला टेकले. आईनं मूठ उघडून दाखवली. बाबांची मूठ उघडली.

"बाई गं!" सिस्टरनं पट्टे खिशात कोंबले.

"घरात माझं एक ऐकलं नाही कधी," आई म्हणाली. "ओला टॉवेल अजून पलंगावरच असतो. पण या हातापुढे इंचभर गेले नाहीत." मग मला म्हणाली, "खुर्ची नको. बसले तर त्यांना दिसणार नाही. आत्ता दुसरं उचलतील बघ."

उचललं. तिनं उतरवलं. पुन्हा उचललं.

अर्थ ३:

दुपारी डॉक्टरांनी नळी काढली. बाबा खोकले, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उतरलं सगळं?"

आईचा हात अजून आडवाच होता.

"उतरलं हो," ती म्हणाली. "आता तुम्ही उतरा."