हडळीला एकांत लागतो

न्हावा शेव्याजवळच्या त्या कंटेनर यार्डात ट्रकवाले हात जोडून उभे होते. रावजी भगताने मधल्या गेटवर लिंबू आपटलं, "हुं फट् हडळ, सोड खांब!" म्हणून किंचाळला, आणि काय सांगावं! खांबावरच्या यंत्राने ट्रकच्या काचेवरचा टॅग झटकन वाचला, आडवा दांडा वर गेला.

"चमत्कार!" गर्दी ओरडली.

त्या गेटच्या केबिनमध्ये कल्पिता ड्युटीवर बसली होती. तीन गेटं खेटून बसवल्यापासून तिचं मधलंच सारखं अडायचं. भगताने निकाल दिला, "विधवेची सावली पडते. हिला काढा, माझ्या भाच्याला बसवा. त्याचे ग्रह झ्याक हायत."

सुपरवायझर चांगदेव पुटपुटला, "कल्पिताताय, उद्यापासून नको येऊ गो."

नोकरी गेली, तर दोन पोरांच्या तोंडात काय घालायचं? कल्पिता ताडकन बाहेर आली.

"भगतकाका, माझी सावली आतापण इथंच होती. मग दांडा कसा उठला?"

"मंत्रानं बांधली ना!"

"आणि बाजूची गेटं का बंद करायला लावलीत?"

"हडळीला एकांत लागतो!"

"मग सावली बांधलेलीच ठेवा, आणि गेटं उघडा."

गेटं उघडली. भगताने लिंबांवर लिंबं फोडली. दांडा ढिम्म.

"बाबा, दोन लिंबं म्हावऱ्याला ठेवा!" एक ड्रायव्हर ओरडला. हशा पिकला.

कल्पिताच्या तक्रारीवरून यंत्रं बसवणाऱ्या कंपनीची अमिषा तपासणीला आलीच होती. ती म्हणाली, "यंत्र रेडिओलहरी सोडतं. टॅग अगदी हळू आवाजात उत्तर देतो. तेवढ्यात शेजारची यंत्रंही बोंबलायला लागली, तर मधल्याला काय ऐकू येणार?"

तिने तिन्ही यंत्रांचा जोर कमी केला, प्रत्येकाचं तोंड आपापल्या रस्त्याकडे वळवलं आणि त्यांना आळीपाळीने बोलायला लावलं. तिन्ही दांडे खटाखट उठू लागले.

"आणि बाजूची गेटं बंद केली की हे चालतं, हे भगताला कसं कळलं?" चांगदेवने विचारलं.

"त्यांचा भाचा ही यंत्रं बसवायला आमच्या हाताखाली होता."

भगत मोटारसायकलला किक मारत होता. ती लवकर सुरू होईना. मंत्र मात्र त्याने म्हटला नाही.

"ताय, उद्या ये हां," चांगदेव ओशाळून म्हणाला.

"उद्या कशाला? आजची ड्युटी कुठं संपलीय?" कल्पिताने पुढच्या ट्रकला हात केला.

कपाळावर कुंकू आहे की नाही, हे यंत्राला दिसत नाही. माणसांनो, काही अडलं तर बाईकडे बोट दाखवू नका. काय चालू होतं, काय बंद होतं, ते आधी बघा. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर म्हणा, पुन्हा कर, आमच्या अटीवर.