नॉर्बर्टनं परत धाडलेली पाकिटं

मित्रांनो, पत्र आलं तर माणसानं ते फोडावं, वाचावं, पटलं नाही तर चुलीत घालावं. माझा मालक नॉर्बर्ट विसॉकी यातलं काहीच करत नसे. बँकेचं पाकीट आलं, की त्यावर ‘असा कुणी इथे राहत नाही’ असं लिहून तो ते पुन्हा माझ्याच पोटात कोंबायचा आणि माझा लाल झेंडा वर करायचा, म्हणजे पोस्टमन ते माघारी नेई. स्वतःच्या अंगणात उभं राहून स्वतःलाच नाकारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी एक जुनी टपालपेटी आहे. ओहायोतल्या टोलीडो गावी एका पत्र्याच्या कारखान्यात मला ठोकून आकार दिला. शिक्षण म्हणाल, तर पाकिटावरच्या पत्त्यापुरतं. नॉर्बर्टच्या बायकोनं, इरीननं, मला फाटकापाशी खांबावर बसवलं आणि निळ्या रंगात माझ्यावर घराण्याचं नाव काढलं. पोस्टमन म्हणायचा, या रस्त्यावर अशी ताठ पेटी दुसरी नाही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. सत्तावीस वर्षं नाताळची कार्डं, लग्नाची निमंत्रणं, पोलंडहून येणारी इरीनच्या मावशीची पत्रं, सगळं माझ्यातून घरात गेलं. पावसाचा थेंब मी आत शिरू दिला नाही.

मग इरीन गेली. दोन वर्षांनी नॉर्बर्ट कामाला होता तो काचेचा कारखाना बंद पडला, घराचे हप्ते थकले आणि बँकेची पाकिटं सुरू झाली. नॉर्बर्टला थकबाकीची लाज वाटे, आणि त्याची समजूत अशी, की माणूस सापडलाच नाही तर घर घेणार कुणाकडून? माझं झाकण गंजलं, खांब कलला. त्याला तेही दिसेना.

त्या वसंतात लोरेटा प्रुइट आली. घरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणारी बाई. आमच्याच रस्त्यावरची दोन घरं तिनं लिलावातून सोडवली होती. नॉर्बर्ट जाळीच्या दाराआडूनच बोलला.

“बाकीची गिधाडं अजून वर घिरट्या घालतायत. तुम्ही बऱ्या लवकर उतरलात.”

“गिधाड मेलेल्यावर येतं, मिस्टर विसॉकी. तुमच्या घरात तर अजून कॉफी उकळतेय.”

त्यानं आतलं दारही लावून घेतलं. जूनमध्ये ती पुन्हा आली, तेव्हाही तेच. ऑगस्टमध्ये लिलावाची नोटीस थेट दारावर चिकटली. ती काही माघारी धाडता येईना. लोरेटा तिसऱ्यांदा आली, तेव्हा त्यानं तिला पायरीवर बसू दिलं.

तिथूनच तिनं बँकेला फोन लावला आणि बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग तिनं सांगितलं, की हप्ता कमी करून द्यायचा अर्ज बँकेनं तीनदा पाठवला होता. सही करून धाडला असता, तर घर राहिलं असतं. तिन्ही पाकिटं परत गेली आणि मुदत जुलैत संपली. मला हात असते, तर एक तरी पाकीट फोडून मी त्याच्या नाकासमोर धरलं असतं.

“मग आता काय उरलं?” नॉर्बर्टनं विचारलं.

“इथं राहणं नाही उरलं. नीट निघणं उरलंय. ते मी करून देते.”

तिनं शब्द पाळला. बँकेच्या मागे लागून लिलाव दोन महिने पुढे ढकलला. इस्पितळात काम करणारी एक बाई आणि तिचा नवरा, असं गिऱ्हाईक आणलं. आलेली किंमत कर्जाला पुरेना, तेव्हा उरलेलं सोडून देत असल्याचं बँकेकडून लिहून घेतलं. समोरच्या घराचा लिलाव झाला, तेव्हा त्यांच्या खुर्च्या आणि गाद्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याच्या, माणसांनी रस्त्यावर मांडल्या होत्या. नॉर्बर्टनं आपलं सामान आपल्या हातानं गाडीत चढवलं. मित्रांनो, हे थोडं नाही. पण हीच बाई एप्रिलात दारात उभी होती, हे माझ्या मनातून जात नाही.

निघताना तो माझ्यापाशी आला आणि कललेला खांब सरळ करू लागला. आता कशाला? मी झाकण करकरवलं आणि त्याच्या तोंडावर सांगितलं,

“नॉर्बर्ट, तू कष्टाचा माणूस आहेस, पण लाजेपायी घर घालवलंस. त्या बाईला पहिल्याच दिवशी आत घेतलं असतंस, तर आज मी तुझंच टपाल सांभाळत असते. आता नव्या जागी जी कुणी पेटी असेल, तिच्यातलं पाकीट आलं त्याच दिवशी फोड.”